मामांचा ठिपक्यावर विश्वास नाही

देवावर विश्वास नसलेली माणसं दिल्लीत पुष्कळ भेटतात आणि सरकारवर विश्वास नसलेली तर प्रत्येक चहाच्या टपरीवर उभी असतात. पण मोबाइलच्या नकाशावर आपलं जेवण घेऊन सरकत येणाऱ्या त्या ठिपक्यावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आता सासरची माणसं काही निवडून घेता येत नाहीत. तशी सोय असती तर मी दुपारी झोपणारा आणि संध्याकाळी टीव्ही बघणारा एखादा मामा पसंत केला असता, कारण मी मुळात दमलेला माणूस आहे. बायकोच्या सरकारी नोकरीमुळे सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालंय, माझी नोकरी मात्र गुरुग्रामला, आणि या दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावर माझी उमेदीची वर्षं पहिल्या गिअरमध्ये गेली आहेत. संध्याकाळी घरी आलो की सोफ्यावर आडवं व्हायचं आणि काहीतरी मागवायचं, एवढाच काय तो माझा पुरुषार्थ. ॲप म्हणतं, रायडर जवळच आहे. मी म्हणतो, असू दे. ॲप म्हणतं, थोडा उशीर होतोय. मी म्हणतो, होऊ दे बाबा, सगळ्यांनाच होतो. हा माझा शरणागत स्वभाव मामांना पहिल्या भेटीपासून खटकत आलाय.

मामा मूळचे भुसावळचे. रेल्वेत लागले, बदली होऊन दिल्लीला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या कंट्रोल ऑफिसात कंट्रोलर होते. म्हणजे नेमकं काय, हे मला लग्नानंतर बऱ्याच वेळा आणि बरंच सविस्तर समजावण्यात आलं. कंट्रोलर गाडी चालवत नाही, गाडी बघतही नाही. तो एका बंद हॉलमध्ये कानाला फोन लावून बसतो. एकेका स्टेशनचा मास्तर त्याला कळवतो की अमुक गाडी आत्ता माझ्यासमोरून गेली, आणि मग तो कागदावर त्या गाडीची रेघ पुढे ओढतो. खबर आल्याशिवाय रेघ हलत नाही. कुणी नवखा ‘साहेब, पोचली असेल आत्तापर्यंत’ असं म्हणाला तर मामा त्याला दोन दिवस चहा विचारत नसत. "अंदाजावर चाललं की दोन गाड्या एका रुळावर येतात, जावईबापू," असं ते मला बजावत, जणू मी कुठे तशा गाड्या आणून ठेवणार होतो. आणि इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली असंही नाही. मास्तरानं शेवटच्या डब्यावरची खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, मगच अख्खी गाडी गेली असं धरायचं. उभी हयात हे केलेला माणूस निवृत्त होऊन घरी आला की सरळ वागेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मामांना फोनवर ‘निघालो’ म्हणायची सोय नाही. आपल्याकडे ‘निघालो’ म्हणणारा माणूस आंघोळीला चाललेला असू शकतो, आणि दिल्लीवाल्यांचं ‘बस, पहुँच ही गया’ तर अंथरुणातूनसुद्धा म्हटलं जातं. लग्नानंतर मामांनी आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मी घरात एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होतो. फोन आला तसा म्हणालो, "हो हो, रस्त्यातच आहोत."

"अच्छा? डाव्या हाताला काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

मी चाचरत म्हणालो, पेट्रोल पंप.

"रांग आहे की मोकळा?"

"रांग आहे."

"बरं. जरा हॉर्न ऐकवा."

बायकोनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि खरं काय ते सांगून टाकलं. मामा मुळीच रागावले नाहीत. "ठीक आहे, म्हणजे गाडी अजून यार्डातच आहे," असं म्हणून त्यांनी आत मामींना पोळ्या थांबवायला सांगितलं. पोळ्या खरोखरच थांबल्या आणि आम्ही पानावर बसलो तेव्हा तव्यावरून उतरू लागल्या. गावाहून पाहुणे येणार असले तर मामा त्यांना मथुरेपासून फोन करून खिडकीबाहेर बघायला लावत. पाहुणे बिचारे सामान आवरायचं सोडून स्टेशनांच्या पाट्या वाचत बसत. लोक या छळाला हसत आणि कंटाळत. पण मामांच्या मुनिरक्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुणी कधी गार पोळी खाल्ली नाही, हेही तितकंच खरं आहे. मामा वेळ आणून देत आणि मामी त्या वेळेवर पोळी टाकत, असा तो संसार होता.

अशा माणसाच्या हातात भाचीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जेवण मागवायचं ॲप दिलं. हेतू चांगला होता. पडद्यावर नकाशा उघडला, ठिपका सरकायला लागला आणि मामा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हे कोण सांगतंय?"

"कुणी नाही मामा, आपोआप कळतं."

"आपोआप ठीक आहे. पण बघतंय कोण?"

मग मामांनी त्या ठिपक्याची उलटतपासणी सुरू केली, आणि आश्चर्य म्हणजे ठिपका एकेका प्रश्नाला गडबडायला लागला. कधी तो फ्लायओव्हरवरून उडी मारून खालच्या रस्त्याला लागे, कधी विद्यापीठाच्या भिंतीतून आरपार जाई. एकदा तर नाल्याच्या मधोमध बराच वेळ विचार करत उभा राहिला. ‘तुमचं जेवण प्रेमानं तयार होतंय’ असं येई तेव्हा तिकडे फोन लावावा, तर ऑर्डर अजून कुणी उघडूनही पाहिलेली नसे. ‘रायडर पोचला आहे’ असं येई तेव्हा गेटवर गार्ड आणि त्याचं लाडकं कुत्रं सोडून कुणी नसे. मामांनी ॲपच्या मदतकेंद्राशी लेखी वाद घातला. तिकडून उत्तर येई, आपकी असुविधा के लिए हमें खेद है, आपका राइडर रास्ते में है. मामा एका बोटानं टाइप करत, ‘आपने स्वयं देखा?’ उत्तर येई, आपकी असुविधा के लिए हमें खेद है. मामा माझ्याकडे वळून थकल्या आवाजात म्हणत, "स्टेशनात कुणी नाही हो जावईबापू. मास्तर झोपलाय." मी मान डोलवून सोफ्यावर आणखी थोडा आडवा होत असे.

तोवर हे सगळं गमतीचं होतं. मामींचा स्वयंपाक चालू होता आणि ॲप म्हणजे निवृत्त माणसाचा विरंगुळा होता. मागच्या वर्षी मामींचं पोटाचं ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली, आणि त्या घरातली गंमत एकदम आटली. घरात फोडणी पडली की मामींना मळमळायला लागे. स्वयंपाकाची बाई सकाळीच सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून मामांपुरता राजमा नाहीतर लौकी करून जाई. मामींना दिवसभर काहीच नको असायचं. मग संध्याकाळी कधीतरी, अगदी अचानक, भूक लागायची. ती कशाची लागेल हे आधी सांगता यायचं नाही, म्हणून काही आणून ठेवण्यात अर्थ नव्हता. आणि ती फार वेळ टिकायचीही नाही. त्या वेळात हवं ते समोर आलं तर चार घास जात. उशीर झाला की मामी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल आणि नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. मामींनी वॉर्डात शेजारच्या बाईला ती नळी घातलेली पाहिली होती. ऑपरेशनला आत नेत असताना ‘घरचा गॅस बंद केलाय ना’ असं विचारणारी ही बाई त्या नळीला मात्र मनापासून घाबरली होती. "तेवढं सोडून काय वाटेल ते करा," असं त्यांनी मामांना सांगून ठेवलं होतं.

सुदैवानं आमच्या सरोजिनी नगरात, आमच्याच ब्लॉकच्या मागे, एक मराठी बाई घरगुती जेवण करून ॲपवर विकतात. मऊ भात, मेतकूट, थालीपीठ, ताकाची कढी, मामींना जे जाईल ते त्यांच्याकडे मिळे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं डबा नेऊन देत असू. इतर दिवशी मी हायवेवर अडकलेला आणि ही तिच्या ऑफिसात, त्यामुळे जेवण यायचं ते ठिपक्याच्या भरवशावर. मामींची भूक, वजन आणि नळी या सगळ्याचा भार त्या एका ठिपक्यावर टाकून मामा स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी सरोजिनी नगर ते मुनिरका असं नवं सेक्शन उघडलं. जेवण करणाऱ्या बाई म्हणजे पहिलं स्टेशन. रायडर निघाला की त्यांनी फोन करायचा. मधलं स्टेशन आर. के. पुरमचं. तिथं मामांचे एक जुने सहकारी राहतात, निवृत्त होऊन तेही घरी कंटाळलेले. त्यांचा संध्याकाळचा फेरफटका मामांनी सिग्नलपाशी आणून ठेवला. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. पुढचं स्टेशन मुनिरका गावाच्या तोंडाशी. तिथं भाड्याच्या खोलीत परीक्षेची तयारी करणारी परभणीची एक मुलगी राहते. ती मामांकडे मराठी पेपर वाचायला येई, ईदला शीरखुर्मा आणून देई, आणि मामींनी चांगल्या दिवसांत तिला इतकं खाऊ घातलं होतं की मामांनी सांगितलेल्या कुठल्याही कामाला ती नाही म्हणाली नसती. अभ्यास बाजूला ठेवून ती खिडकीतून कळवत असे, ‘काका, निळा शर्ट, लाल पिशवी, पास.’ मी गुरुग्रामहून उलट दिशेनं येणारा, म्हणून मला फिरतं स्टेशन करण्यात आलं. गाडी चालवत दुसऱ्या बाजूच्या हजार स्कूटरींमधून लाल पिशवी शोधायची. दिवसभर ऑफिसात मान मोडून आल्यावर एवढंच बाकी होतं. खबर आली की मामा बाल्कनीतून आत ओरडत, "आर. के. पुरम पास!" आणि आतून मामींचा बारीक आवाज येई, "बरं बरं."

एकदा सगळी स्टेशनं पास होऊन पिशवी वेळेवर आली आणि उघडली तर आत छोले-भटुरे. कुणाची तरी पिशवी कुणाला तरी गेली होती. त्या वासानं मामींना जो त्रास झाला तो दुसऱ्या दिवसापर्यंत पुरला. तेव्हा मामांनी नियम कडक केला. नुसतं बघून भागणार नाही, पिशवीवरची चिठ्ठी वाचून ऑर्डरचा नंबर जुळवायचा आणि मगच पास म्हणायचं. मला तेव्हाच शंका आली होती, की धावत्या स्कूटरवरची चिठ्ठी वाचायची म्हणजे स्कूटर थांबवावी लागणार. पण मामांसमोर शंका काढायची म्हणजे दीड तास रेल्वेचे नियम ऐकायचे, आणि तेवढी ताकद माझ्यात उरलेली नसते.

मग ती संध्याकाळ आली. मामींच्या पोटात तीन-चार दिवस पाणी आणि नारळपाणी सोडून काही गेलं नव्हतं, आणि त्याच आठवड्यात वजन करायला बोलावलं होतं. मी ऑफिसातून निघून मुनिरक्याच्या अलीकडे आलो होतो तेवढ्यात मामांचा फोन आला. आवाज असा, की मला आधी भलतंच काही वाटलं. "जावईबापू, ती स्वतःहून म्हणाली. पिठलं-भात हवाय म्हणाली. वर कच्चं तेल घाला म्हणाली. केलीय ऑर्डर, निघालाय तो तिकडून." मामींना कित्येक महिन्यांनी असं मनापासून काही खावंसं वाटलं होतं. मी घरी जायचा विचार सोडून दिला. जेवण येईल तेव्हा आपण तिथं असावं, मामींना जेवताना बघावं, असं मला फार वाटलं.

यू-टर्नसाठी मुनिरक्याच्या पुढे आर. के. पुरमच्या सिग्नलजवळ आलो तर पलीकडच्या बाजूला गर्दी. गर्दीच्या मधोमध मामांचे साहेब. पांढरे बूट, गळ्यात मफलर, एका हातानं स्कूटरचं हँडल घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या हातानं चष्मा वरखाली करत पिशवीवरची चिठ्ठी वाचणं चाललेलं.

"अंकल, छोड़ दो, लेट हो रहा है," रायडर काकुळतीला आला होता.

"एक मिनट बेटा, नंबर मिला लेने दो."

"चेकिंग है क्या भाईसाब?" बघ्यांपैकी एकानं विचारलं.

"किसी डिपार्टमेंट के लगते हैं," दुसऱ्यानं खात्री दिली, आणि तिसरा मोबाइल काढून शूटिंग करायला लागला.

मी काच खाली करून ओरडलो, "साहेब, अहो सोडा त्याला!" साहेबांचा चेहरा आनंदानं फुलला. "अरे जावईबापू! नंबर एकदम बरोबर आहे हं! पास, पास!" असं म्हणून त्यांनी हँडल सोडलं. आता मीही याच टोळीतला आहे हे रायडरनं हेरलं आणि तो असा काही सुटला की मागे वळून बघितलंच नाही. मुनिरक्याच्या तोंडाशी आमची परभणीची मुलगी ‘भैया, रुको रुको’ करत रस्त्यावर धावली, हे तिनंच मला लगेच फोन करून सांगितलं. तो थांबला नाही. तिला चुकवायला त्यानं दिसली त्या गल्लीत स्कूटर घातली, आणि मुनिरका गावाच्या गल्ल्यांत नवा माणूस एकदा शिरला की त्याला बाहेर काढायला गावातलाच कुणी लागतो.

मी पोचलो तेव्हा मामी टेबलाशी बसल्या होत्या. पाठीला उशी, समोर वाटी आणि चमचा. किती दिवसांनी त्या पलंग सोडून टेबलाशी आल्या होत्या! "आलं का हो?" त्यांनी विचारलं. "आलंच, येतंय," मामा बाल्कनीतून म्हणाले आणि माझ्यापुढे मोबाइल नाचवत खालच्या आवाजात कडाडले, "बघा! हलत नाही! जागचा हलत नाही! मी म्हणतो ना, खोटारडा आहे हा." ठिपका मुनिरक्याच्या गल्ल्यांत गप्प उभा होता.

"मामा," मी म्हणालो, "आज तो खरं सांगतोय. रायडर खरंच अडकलाय. आपण त्याला वाटेत धरलं, तो घाबरला आणि भलत्या गल्लीत शिरला. सिग्नलवरचं मी स्वतः बघितलंय, गल्लीचं त्या मुलीनं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतः बघितलंय म्हटल्यावर त्यांनी मोबाइल खाली केला. ते तिथंच कठड्याला टेकून उभे राहिले.

बऱ्याच वेळानं बेल वाजली. "लो अंकल," रायडर दारातून पिशवी आत सरकवत म्हणाला, "हर मोड़ पे आपका कोई ना कोई आदमी खड़ा है. खाना ही है ना इसमें?" मामांनी त्याच्यापुढे हात जोडले. आमचं घोडं वरातीमागून आलं होतं. मामी मघाशीच उठून पलंगावर जाऊन पडल्या होत्या. "आता नको हो," त्या म्हणाल्या. "गेली भूक. तुम्ही खाऊन घ्या, गार होईल." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मामांना सोपं गेलं असतं. मामांनी डबा उघडला, वाफ आली तशी पुन्हा झाकण लावलं, आणि एकेकाला फोन करून उद्यापासून थांबायची गरज नाही असं सांगितलं. साहेबांनी विचारलं असावं की माझं काही चुकलं का. "तुमचं काही चुकलं नाही," मामा म्हणाले. "तुम्ही ऑर्डरप्रमाणे केलंत." आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

वजनाच्या आदल्या संध्याकाळी मी आणि ही, दोघंही आपापल्या ऑफिसातून थेट मुनिरक्याला गेलो. मामी म्हणाल्या, "साधा वरण-भात मागवा. बरोबर लिंबू सांगा." मामांनी ऑर्डर दिली, मोबाइल फ्रिजवर पालथा ठेवला, आणि मग आपल्या हातांचं काय करावं हे त्यांना समजेना. बाल्कनीत गेले, परत आले. खुर्ची सरळ केली. पुन्हा गेले. मामी टेबलाशी बसून हे सगळं बघत होत्या.

"अहो, इकडे या. बसा."

"बसतो. जरा गेटवर—"

"गेट राहू दे. बसा म्हणते ना."

मामा खुर्चीच्या कडेवर टेकले.

"तुमचं ताट घ्या."

"तुझं होऊ दे आधी. तू जेव, मग मी घेतो काहीतरी."

"तेच," मामी म्हणाल्या. त्यांना बोलताना धाप लागत होती, पण त्या थांबल्या नाहीत. "किती महिने झाले, मी एकटी जेवतेय. जेवण येईपर्यंत तुम्ही बाहेर उभे. आलं की माझ्या समोर उभे. मी चमचा उचलला की तुमचे डोळे माझ्या चमच्यावर. एक घास गेला, दुसरा गेला, तिसरा का थांबला. कसं उतरणार हो खाली? मी काय गाडी आहे का?"

ही हसली, आणि मग उठून पाणी प्यायला गेली. मामांचा चेहरा पाहवत नव्हता.

"मी... तुला नळी लावायला नको म्हणून..." ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला," मामी म्हणाल्या. "मलाही नकोय. पण तुम्हाला जेवताना मी किती दिवसांत बघितलं नाही. तुम्ही जेवा. मला नुसतं बघू दे."

मग त्या हिला विचारायला लागल्या की तुमच्याकडे कैरीचं लोणचं उरलंय का, बरणी उन्हात ठेवली होती का, आणि तुझ्या सासूबाई मीठ कमी घालतात हे त्यांना कुणी सांगत का नाही. मी माझ्या आईची बाजू घेत होतो. त्या नादात बेल वाजली तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. जेवण वाटेत आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मामांनी ताट घेतलं. भात घेतला, वरण घेतलं, लिंबू पिळलं आणि खाली मान घालून जेवायला लागले. मामी गालावर हात ठेवून बघत होत्या. त्यांची वाटी त्यांच्यासमोर तशीच होती, तिला त्यांनी हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यांचा हात, सुया टोचून काळानिळा पडलेला, हळूच मामांच्या ताटाकडे गेला आणि कडेचा थोडासा भात उचलून परत आला. मामांना ते दिसलं नसेल हे शक्यच नाही. पण त्यांनी मान वर केली नाही. मलाही बघायचं होतं घास खाली उतरतो की नाही, आणि मी पंख्याकडे बघत बसलो. उद्या काट्यावर काय येईल, आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला ते कळून घ्यायचंही नव्हतं. हात पुन्हा आला. मामांनी बोटांनी भात आणखी मऊ कालवला, आणि खाली बघतच तो मामींच्या बाजूला सारत राहिले.